पटविणे आणि पटणे

एखाद्या कचेरीतील सोमवारची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. नव्याने रुजू झालेला एक हुशार व कामसू कारकून हेडक्लार्कांच्या टेबलाशी उभा आहे. आवक-जावकीच्या तीन वह्यांऐवजी एकच वही ठेवली, तर रोजचा तासभर वेळ वाचेल असे त्याने हिशेबाने काढले आहे. हिशेब बिनचूक आहे, भाषा नम्र आहे, हेतूही शुद्ध आहे. हेडक्लार्क चष्मा कपाळावर सारून सारे ऐकून घेतात आणि म्हणतात, "ठीक आहे, विचार करू." या 'विचार करू'खाली जितक्या चांगल्या कल्पना आजवर गाडल्या गेल्या असतील, तितक्या उघड विरोधानेही गाडल्या गेल्या नसतील. तरुण आपल्या जागेवर येऊन बसतो आणि शेजाऱ्यापाशी पुटपुटतो, "या लोकांना पटवायचे तरी कसे?"

त्याच्या या प्रश्नातच चुकीचे मूळ आहे, आणि मराठी भाषा ते चटकन दाखवून देते. 'मी त्याला पटविले' असे बोलण्याचा प्रघात आहे खरा. परंतु ज्याला पटले तो मात्र 'मला पटले' एवढेच म्हणतो. त्याच्या वाक्यात पटविणाऱ्याचा मागमूसही नसतो. भूक लागावी, झोप यावी, तद्वत् पटणे ही ज्याच्या त्याच्या अंतरात घडणारी गोष्ट आहे. बाहेरच्या माणसाला ती घडविता येत नाही. फार तर ती घडण्याजोगी परिस्थिती निर्माण करता येते. सहकाऱ्यांपुढे नवी कल्पना मांडणारे बहुतेक लोक येथेच फसतात. आपले म्हणणे बरोबर असले की काम झाले, अशी त्यांची समजूत असते.

केवळ बरोबर असणे किती अपुरे ठरते, याचे एक दारुण उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नमूद आहे. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाचा एक डॉक्टर होता. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच प्रसूतीच्या खाटेकडे जातात आणि त्यांच्या हातांवाटे मृत्यू बाळंतिणींपर्यंत पोहोचतो, असे त्याच्या ध्यानात आले. १८४७ सालच्या मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलमध्ये ज्या विभागात शंभरांत अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या, तेथे जूनमध्ये हे प्रमाण शंभरांत सुमारे दोनवर आले. याहून स्पष्ट पुरावा तो कोणता? तरीही त्याच्या समव्यवसायी मंडळींपैकी अनेकांनी ते मानले नाही. जंतूंची कल्पना तेव्हा रूढ व्हावयाची होती, हे एक कारण. परंतु 'तुमच्याच हातांनी या स्त्रिया मेल्या' हे वाक्य कोणत्या डॉक्टरला सहजासहजी गिळता आले असते? सेमेलवाइसने आपला ग्रंथ तब्बल चौदा वर्षांनी, १८६१ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे विरोधकांना उघड पत्रांतून खुनी ठरविण्यापर्यंत त्याची मजल गेली. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. सत्य त्याच्या बाजूचे होते. ते स्वीकारण्याची वाट मात्र त्याने सहकाऱ्यांसाठी मोकळी ठेवली नाही. त्याची किंमत पुढील कित्येक वर्षे बाळंतिणींनी दिली.

सहकारी 'नाही' म्हणतो तेव्हा त्या नकारामागे सामान्यतः चार गोष्टींपैकी एखादी असते. पहिली, नव्या पद्धतीने आपले आजवरचे कसब निरुपयोगी ठरेल ही भीती. दुसरी, प्रयोग फसला तर बोल कोणाच्या माथी येणार ही चिंता. तिसरी, कल्पना आणणाऱ्या माणसाविषयीचा अविश्वास. हा उद्या बदलून जाईल आणि निस्तरावे लागेल आम्हाला, अशी शंका. आणि चौथी गोष्ट अशी की, नकार देणाऱ्याचे म्हणणे कधी कधी खरोखरच बरोबर असते. यांपैकी कोणती अडचण आहे हे ओळखल्यावाचून जो युक्तिवाद करू लागतो, तो दुखणे न पाहताच औषध देणाऱ्या वैद्यासारखा होय.

या दृष्टीने सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. हे जिल्हे पूर्वी एकमेकांत गुंतलेले होते. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. या टापूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीन विलक्षण कल्पना रुजल्या. तिन्ही आरंभी लोकांना न पटणाऱ्या होत्या, आणि तिन्हींचे प्रवर्तक निरनिराळ्या मार्गांनी त्या पटण्याची वाट पाहत राहिले.

पहिली कल्पना लोखंडी नांगराची. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. मुंबईस यंत्रांची रेखाकृती शिकविण्याची नोकरी सोडून ते बेळगावास आले, आणि बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर यांच्या निर्मितीकडे वळले. नांगर उत्तम होता; लाकडी नांगरापेक्षा तो जमीन अधिक खोल उलथीत असे. पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली.

या समजुतीला अडाणीपणा म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु शेतकऱ्याच्या बाजूने क्षणभर विचार करावा. लाकडी नांगर गावातला सुतार घडवी, तोच दुरुस्त करी, आणि त्याचे मोल सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने फिटे. लोखंडी नांगराला रोख पैसा मोजावयाचा. त्याचा फाळ झिजला तर दुसरा कोठून आणावयाचा, हा प्रश्न वेगळाच. आणि पीक बुडालेच, तर कारखानदाराचा एक गिऱ्हाईक जाणार, शेतकऱ्याच्या घरची मात्र वर्षाची भाकरी जाणार. ज्याच्या माथी अधिक धोका असतो, त्याचे पाऊल जपून पडावयाचेच. 'विष' हा शब्द भाबडा होता, पण त्यामागील सावधगिरी शहाणपणाची होती. अशा माणसाशी वाद घालून काय होणार? शेजारच्या वावरात नांगर चालताना दिसला, तेथे पीक उभे राहिलेले दिसले, म्हणजे मग बांधावर उभा राहून तो स्वतःच विचार करू लागतो. कल्पना व्याख्यानातून पसरण्यापेक्षा बांधावरून अधिक पसरते.

पुढे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकानजीकची सुमारे ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. १९१० साली लक्ष्मणराव तेथे गेले. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांचे वारूळच ते! बेळगावसारखे शहर सोडून, पोराबाळांसह अशा माळावर चला, असे कामगारांना सांगावयाचे होते. तरीही सुमारे पंचवीस कामगार आपापल्या कुटुंबांसह तेथे राहावयास आले. लक्ष्मणरावांचे स्वतःचे कुटुंबही त्याच माळावर आले, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. 'तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो' असे सांगणाऱ्याच्या मागे कोणी जात नाही. ज्या गैरसोयीत सहकाऱ्यांना लोटावयाचे, तिच्यात सांगणाऱ्याने स्वतः आधी उतरावे लागते. त्या माळाचेच पुढे किर्लोस्करवाडी झाले, आणि स्थानकालाही तेच नाव मिळाले.

दुसरी कल्पना साताऱ्याची, आणि तिचा धागा याच नांगराशी जुळतो. भाऊराव पाटील हे काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते. नांगर खपविण्याकरिता ते खेडोपाडी हिंडत. ज्याला प्रत्येक गावच्या पारावर बसून नकार ऐकावा लागतो, त्याला माणसांचे मन कोठे अडते ते पुस्तकांवाचून कळते. खेड्यातील पोरे शाळेवाचून राहतात आणि जातींच्या भिंतींमुळे एकत्र वाढत नाहीत, हे त्यांना दिसत होते. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

सर्व जातींच्या मुलांनी एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत खावे, ही गोष्ट त्या काळी किती कठीण होती हे आज सांगूनही पुरतेपणी कळणार नाही. समतेवर व्याख्याने देणारे पुष्कळ होते. त्यांच्या भाषणाला टाळ्या पडत आणि मंडळी घरी जाऊन वेगवेगळ्या पंगतींना बसत. भाऊरावांनी पंगतच मांडली. तिचा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी उचलला. मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने विकले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्या घरातून सोने निघून जाते, त्या घरच्या माणसाच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा उरत नाही. तिसऱ्या प्रकारच्या नकाराला, म्हणजे अविश्वासाला, याहून दुसरे उत्तर नाही.

भाऊरावांच्या कार्यात आणखी एक मर्म आहे. वसतिगृहासाठी धनिकांच्या देणग्या जशा घेतल्या जात, तसेच सामान्य घरांतून मूठ मूठ धान्यही गोळा केले जाई. मूठभर ज्वारीने वसतिगृहाचा खर्च तो किती भागणार? परंतु ज्या बाईने दळणाच्या वेळी एक मूठ बाजूला काढली, तिच्या दृष्टीने ते वसतिगृह परके राहिले नाही. मदत मागितल्याने माणूस दूर जातो, अशी एक समजूत आहे. वास्तविक झेपेल एवढाच वाटा मागितला, तर तो अधिक जवळ येतो. सहकाऱ्यांकडून नुसती संमती मागण्यापेक्षा त्यांचा अल्पसा हात मागावा. ज्या कामाला हात लागला, त्या कामाविषयी ममत्व आपोआप उत्पन्न होते.

तिसरी कल्पना सर्वांत धाडसाची. औंध हे ७२ गावांचे छोटेसे संस्थान, तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश अभियंते बंगळूरची नोकरी सोडून औंधकडे ओढले गेले. भारतानंद या नावानेही ते ओळखले जात. राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवावी, या विचाराला त्यांनी चालना दिली. राजेसाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत नुकतेच विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. तेही या कार्यात सामील झाले. ही मंडळी १९३८ साली सेवाग्रामला गांधीजींकडे गेली. गांधीजींनी नुसता आशीर्वाद देऊन त्यांची बोळवण केली नाही. त्यांनी घटनेच्या स्वरूपातच लक्ष घातले. ग्रामपंचायत हा तिचा पाया ठरला, आणि मतदाराला लिहिता-वाचता यावे ही अट आली. १९३९ सालच्या जानेवारीत ही घटना अमलात आली. पुढे १९४८ साली औंध भारतात विलीन होईपर्यंत हा प्रयोग चालू होता.

आपला मसुदा घेऊन दुसऱ्याकडे जाताना बहुतेकांच्या मनात एकच इच्छा असते, की त्याने 'वा!' म्हणून सही करावी. मसुद्यात कोणी फेरफार सुचविला की तो आपलाच अपमान वाटतो. औंधच्या मंडळींनी आपला मसुदा बदलू दिला. जी कल्पना दुसऱ्याच्या हाताने थोडीही बदलत नाही, ती दुसऱ्याची कधीच होत नाही. आणि येथे चौथ्या प्रकारचा नकारही आठवावा. समोरच्याचे म्हणणे बरोबर असू शकते. म्हणून पटविण्यास निघालेल्याने स्वतःला पटवून घेण्याचीही तयारी ठेवून निघावे. ती तयारी नसेल, तर तो केवळ हुकूम सोडीत आहे. फक्त त्याचा आवाज मऊ आहे, इतकेच.

याच औंधच्या राज्यात, आटपाडीनजीक, १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. तिला तुरुंगाच्या भिंती नव्हत्या. बंदिवान तेथे शेती करीत आणि कुटुंबासह राहू शकत. सारे तुरुंग मोडून टाका असे कोणी म्हटले असते, तर ते हास्यास्पद ठरले असते. परंतु एका माळावर, मोजक्या माणसांनिशी एक प्रयोग करून पाहू, असे म्हणताच गोष्ट शक्यतेच्या कक्षेत आली. प्रयोग फसला असता तर हानीही मोजकीच होती. या वसाहतीचा पडसाद फार दूरवर उमटला. १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट आला, त्याच्या मुळाशी हाच प्रयोग होता. आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे आटपाडीच्याच परिसरातले.

आता कोणी म्हणेल, की हे सारे थोरांचे झाले. कचेरीतील कारकुनाला, शाळेतील शिक्षकाला, कारखान्यातील फोरमनला याचा काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो रोजचा आहे. बैठकीत एकाएकी सूचना मांडण्यापूर्वी ज्यांच्यावर तिचा परिणाम व्हावयाचा त्यांना एकेकट्याने भेटावे. चारचौघांत एकदा 'नाही' म्हटलेला माणूस ते 'नाही' परत घेण्यास लाजतो. त्याची हरकत त्याच्यापेक्षाही नेटकेपणाने मांडून दाखवावी, म्हणजे आपले ऐकले गेले अशी त्याची खात्री होते. संपूर्ण बदल न मागता महिनाभराची, एकाच टेबलापुरती परीक्षा मागावी. काय घडले म्हणजे प्रयोग यशस्वी आणि काय घडले म्हणजे फसला, हे आरंभीच दोघांनी मिळून ठरवावे. प्रयोगाचे जादा काम स्वतःच्या शिरावर घ्यावे, आणि फसल्यास बोलही स्वतःच घ्यावा. यश आले तर त्याचे श्रेय मात्र सैल हाताने वाटावे.

येथे एक धोका सांगितलाच पाहिजे. हीच साधने लबाडालाही वापरता येतात. गोड बोलून, अर्धी माहिती झाकून, एकाला दुसऱ्याविरुद्ध उभे करून संमती मिळविणारे लोक प्रत्येक कचेरीत असतात. दोहोंतील फरक ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. समोरच्या माणसाला सर्व माहिती होती काय, आणि 'नाही' म्हणण्याची त्याला खरोखर मोकळीक होती काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे 'होय' अशी असतील, तर जे घडले ते पटणे होय. एरवी ती फसवणूक आहे, किंवा सक्ती आहे. आणि सक्तीने मिळविलेली संमती साहेबांची पाठ वळेपर्यंतच टिकते. वरून आलेल्या हुकमाने सुरू झालेल्या कितीतरी चांगल्या नोंदवह्या पहिल्या चार पानांनंतर कोऱ्या राहिलेल्या असतात. त्याचे कारण हेच.

आता पुन्हा त्या तरुण कारकुनाकडे वळावे. समजा, काही दिवसांनी तो हेडक्लार्कांकडे पुन्हा गेला, पण या वेळी हिशेबाचा कागद न घेता गेला आणि त्याने विचारले, "भाऊसाहेब, या तीन वह्या मुळात सुरू कशा झाल्या?" भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. वीस वर्षांपूर्वी एक महत्त्वाचा कागद गहाळ झाला होता, ठपका त्यांच्यावर येत होता, आणि त्या तिसऱ्या वहीतील एका नोंदीने त्यांची नोकरी वाचली होती. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. तरुण गप्प राहिला. त्याच्या एका वहीच्या योजनेत त्या नोंदीला रकानाच नव्हता! तो म्हणाला, "मग तो रकाना आधी घातला पाहिजे. एक महिनाभर माझ्या टेबलापुरती मी एक वही ठेवून पाहू का? तुमच्या तिन्ही वह्या चालूच राहू द्या. त्या महिन्यात दोन्हीकडच्या नोंदी मीच करीन."

महिना संपल्यावर काय झाले असेल, ते वाचकांनी आपल्या अनुभवावरून ठरवावे. कदाचित एखादी अडचण निघाली असेल आणि वहीला आणखी एक रकाना वाढला असेल. कदाचित पुढच्या बैठकीत भाऊसाहेबांनीच उठून, आपण बऱ्याच दिवसांपासून एकच वही ठेवावी म्हणत होतो, असे सर्वांना सांगितले असेल. तसे घडले असेल, तर त्या तरुणाने मान खाली घालून हसू दाबावे आणि स्वस्थ बसावे. 'मला पटले' या वाक्यात पटविणाऱ्याचे नाव नसते. आणि ज्याला ते चालते, त्याच्याच कल्पना पुढे चालतात.